ॲडमिनिस्ट्रेशन कुठे तोडायचा?

शैला गेल्याचं तिच्या धाकट्या बहिणीने, मंगलने, फोनवर कळवलं. मी कल्याणच्या घरी मेथी निवडत बसलेले. "बरं," एवढंच म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. रडू आलं नाही, त्याचंच वाईट वाटलं...

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास आम्ही दोघी ठाण्याच्या कोपरीत शेजारी राहायचो. शैला कोळ्यांची, तिची आई बाजारात मासळी विकायची. टायपिंगच्या क्लासला आम्ही बरोबरच जायचो. मशीनची घंटी वाजली की ओळ संपत आलेली असायची. मग इंग्रजीतला लांबलचक शब्द योग्य जागी तोडून उरलेला भाग खाली न्यायचा. मला तिथेच घाम फुटायचा. "घाबरतेस काय गं? आधी शेपूट ओळख," शैला म्हणायची. "शन, मेंट, नेस... मग डोकं बाजूला काढ. मधे उरतो तो खरा शब्द." शब्द मोठ्याने म्हणत ती एकेका तुकड्याला टाळी द्यायची. तिच्यावर इतका भरवसा, की मी डिक्शनरी कधी उघडलीच नाही.

पुढे ठाण्यातल्या एका ऑफिसात टायपिस्टची एक जागा निघाली. दोघींनी अर्ज केला. ऑफिसच्या पत्रांत 'ॲडमिनिस्ट्रेशन' हमखास यायचा, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, "हा कुठे तोडायचा गं?" ती जराशी थांबली. "ॲडमिनिस्ट, मग रेशन. रेशन अख्खा शब्द आहे ना, लक्षात राहील." मी हसले.

परीक्षेत घंटी नेमकी त्याच शब्दावर वाजली. नंतर साहेबांनी मला आत बोलावलं. "दोघींचा स्पीड सारखाच आहे. पण तुम्ही हा शब्द चुकवलात. टी आणि आर एकत्र खाली जायला हवेत." टेबलावर शैलाचा कागद शेजारीच होता. त्यात ते एकत्रच गेलेले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू स्वतः बरोबर तोडलास."

"अगं, मला ऐन वेळी सुचलं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

ती जागा शैलाला मिळाली. मला नंतर डोंबिवलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, काही अडलं नाही. शैला एकटीच राहिली. आम्ही भेटायचो, हसायचो, पण त्या शब्दाबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. मी मात्र वाट बघत राहिले... शेवटपर्यंत.

गेल्या आठवड्यात कोपरीला गेले. मंगल म्हणाली, "सुमनताई, तुला खरंच माहीत नव्हतं? त्या वर्षी बाबांनी तिचं एका बिजवराशी ठरवलेलं. नोकरी लागली तरच मोडणार होते."

मला धक्का बसला, आणि पाठोपाठ राग आला. पोटदुखीपासून आईच्या भांडणांपर्यंत सगळं मला सांगणाऱ्या शैलाने नेमकं हेच लपवलं! "सांगितलं असतं तर मी परीक्षेला बसलेच नसते," मी म्हणाले. मंगल चहा टाकायला उठली. खिडकीत शैलाचा चष्मा उघडाच पडला होता, काचांवर तिच्या बोटांचे ठसे. मी त्याच्याकडे बघत बसले. बसले नसते?... तेव्हा मलाही नोकरी हवीच होती. शैला मला चांगलं ओळखायची. म्हणूनच तिने, माघार घेशील का, असं विचारलं नसेल.