पालीच्या वाटेवरचा सांधा

तारखात्यातल्या लवूला लोक भला माणूस म्हणत, पण लांबूनच. त्या काळी तार आली म्हणजे मुंबईला कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ गावांना ठाऊक. त्यामुळे खांद्यावर पेटी नि दोरखंड घेतलेला लवू रत्नागिरीहून पालीच्या रस्त्याला लागला, की बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि तो पुढे जाईपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसे. तार वाटणारा शिपाई वेगळा, मी फक्त खांबावरच्या तारा सांभाळतो, हे त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. कोण ऐकतंय! विहिरीवर पाणी मिळे, पण ओटीवर बस असं कुणी म्हणत नसे. बायको पटकीच्या साथीत गेलेली, मूलबाळ नाही, भाऊ गुहागरला आपल्या संसारात. दिवसचे दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

एका फाल्गुनात तारेनं खोडी काढली. सकाळी ठणठणीत, आणि दुपारी खारा वारा सुटला की मुकी. म्हणजे कुठेतरी दोन तारांचा सांधा सैल झाला होता. स्वस्थ असला की जोडलेला, हलला की तुटलेला. असला सांधा खालून दिसत नाही. लवूनं एकेका खांबावर चढायचं, पेटीतला फोन तारेला जोडायचा, बांबूनं तार गदागदा हलवायची आणि बोलत राहायचं. रत्नागिरीच्या कचेरीत बसून हरिश्चंद्र नावाच्या तारबाबूनं आवाज कुठे तुटतो ते ऐकायचं.

हरिश्चंद्र नवा, आणि मोठा बोलघेवडा. “बोला लवूदादा, काहीही बोला. गप्प राहिलात तर मला कळणार कसं?”

असं लवूला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आधी तो नुसता “हालो, हालो” करायचा. मग हळूहळू बायकोच्या हातच्या, तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कालवणाबद्दल बोलायला लागला. पलीकडून हसू यायचं, “मग पुढे?” यायचं. खांबाला बिलगून वाऱ्यात लटकलेला हा माणूस त्या दिवसांत सुखी होता.

हातखंब्याच्या चढावर त्याला सांधा सापडला. बोट लावताच कळलं. जोडावरचा कथलाचा डाख तडकलेला, वरची बांधणी सैल, जरा पिळली की फिरत होती. शेगडी नि कथील झोळीत होतं. घटकाभराचं काम. पण सांधा नीट झाला की फोन पेटीत जाणार, आणि हरिश्चंद्राशी बोलायचं कारणच उरणार नव्हतं.

“उद्या करू,” म्हणून लवू खाली उतरला. उद्याचा परवा झाला. तो रोज त्या सांध्याच्या अलीकडच्याच खांबांवर चढे, चांगल्या तारा हलवी आणि बोलत राही. मला त्याचा राग येतो. पण ज्यानं तसले मुके दिवस काढले नाहीत, त्यानं फार बोलू नये.

मग एका सकाळी हरिश्चंद्रच गप्प होता. लवूनं विचारलं तेव्हा म्हणाला, “काल मुंबईहून तार होती, पालीच्या येसूबाईंना. नवरा अत्यवस्थ, ताबडतोब निघा. दुपारभर वाऱ्यानं तार अडली. निरोप संध्याकाळी मिळाला, तोवर बोट सुटली होती. आज जाईल बिचारी.”

लवू चढाकडे पळत सुटला. त्यानं सांधा सोडवला, घासला, नवी तार गुंडाळून डाख दिला आणि बांबू मोडेस्तोवर तार हलवली. सांधा हलला नाही.

येसूबाई मुंबईला पोचल्या तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

पुढे महिन्या-दीड महिन्यानं लवू पालीतून जात असताना हाक आली. येसूबाईंचा दीर रावजी ओटीवर उभा होता. “वो तारवाले, या की वर. तुमी उन्हातान्हात वर चडून तार नीट केलीत, तारबाबूनं सांगितलान मला. बसा वायच.”

लवू बसला. येसूबाईंनी आतून चहा आणला नि दाराशी टेकल्या. “आमचं जायचं ते गेलं,” त्या म्हणाल्या. “पन तुमच्यामुळं दुसऱ्या कुनाला तरी येळेवर कळंल.”

लवूनं चहा खाली ठेवला. वहिनी, मला तो सांधा आधीच सापडला होता, हे वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

“घर खायला उठतं वो,” येसूबाई म्हणाल्या. “दिवसभर कुनाशी बोलनं नाय. इकडून जाताना हाक देत जावा. वायच बोलू.”

“देईन,” लवू म्हणाला आणि पेटी उचलली.

त्याच आठवड्यात त्यानं साहेबाच्या हातापाया पडून दुसरी वाट मागून घेतली. पालीला तो परत कधी गेला नाही.