वड्याच्या पोटातली ऊब

माळ्याच्या घरची रीत अशी की चांगला माल बाजारात जायचा आणि किडका, वाकडा, डाग पडलेला घरच्या चुलीकडे यायचा. माझ्या माहेरी, चांदूर बाजाराकडे, मी तेच पाहिलं होतं. किडलेला भाग विळीवर काढून टाकायचा आणि उरलेल्या वांग्याची भाजी करायची. लग्न होऊन अमरावतीजवळ सासरी आले, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाईंनी मळ्यातून आलेली वांगी माझ्यासमोर ओतली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या खाली बसल्या, एकेक वांगं तळहातावर तोलून पाहिलं आणि काळीशार, हिरव्या देठाची, आकाराने मोठी पण वजनाला हलकी अशी वांगी बाजूला काढली. मला वाटलं, ही बाजाराची. मी ती उचलून बाजाराच्या टोपल्यात ठेवू लागले.

"ठेव वं तिथंच. थे आपले हायत."

ओट्यावरून मामाजी, म्हणजे माझे सासरे, बोलले, "अवं, थे बाजाराचं वांगं हाय. त्याच्यापाशी गिऱ्हाईक थांबते."

"बाजारात कोन येते? लोकच येते ना? मंग आपन काय लोकाइत नाई?"

"तुयं तू पाह्य बाप्पा," असं म्हणून मामाजींनी विडी पेटवली. हा वाद त्या घरात मी कितीदा ऐकला असेन, आणि दर वेळी मामाजीच हरले. किडकी वांगी बैलांपुढे जायची.

त्या संध्याकाळी अंगणात पऱ्हाट्या पेटवून आत्याबाईंनी भरीत केलं. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांवर वांगी टाकून त्या समोर उकिडव्या बसल्या आणि कोणी हाक मारली तरी उठल्या नाहीत. "घाई केली का वांगं वरून जळते अन् आतून रडते," असं त्या म्हणायच्या. मग कांद्याची पात, कुटलेली मिरची, भरपूर सांभार म्हणजे कोथिंबीर, कढत तेल. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. त्या भरताचा वास मला अजून सांगता येईल. पण त्या दिवशी मी अर्धी भाकरच खाल्ली.

खरं म्हणजे मी तेव्हा रोजच उपाशी उठत होते. माझा स्वभाव फार लाजरा. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण गुरुजींनी विचारल्यावर उत्तर येत असूनही तोंडातून शब्द निघत नसे. सासरी तर "हो" आणि "नाही" एवढंच बोलत होते. कोणी "आणखी वाढू का" म्हटलं की मान नाही अशीच हलायची. भरल्या घरात भूक लागते हे कोणाला सांगायचं?

आत्याबाईंनी कधी ओळखलं ते मला कळलं नाही. एक दिवस आम्ही दोघी शेवटी जेवायला बसलो. त्यांनी काही न विचारता माझ्या ताटात आख्खी भाकर टाकली, वर वांग्याची भाजी घातली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. भिंतीकडे तोंड करून जेवू लागल्या. माझी भाकर संपली तसा त्यांचा हात मागे आला आणि ताटात दुसरी पडली. शेजारची बाई दारात आली आणि म्हणाली, "काय वं सुभद्रा, सुनेसंगं भांडन झालं काय? पाठ करून बसली!"

"भांडन नाई. लाजनाऱ्या मानसाले इचारू नये. वाढावं अन् तिकडे पाहावं," आत्याबाई भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या. मी त्या दिवशी पोटभर जेवले, आणि ताटातच दोन आसवं गळली. ती त्यांना दिसली नाहीत, कारण त्या पाहतच नव्हत्या.

आमचं घर आणि मळा बडनेऱ्याच्या वाटेवर. बाजाराच्या दिवशी आत्याबाई डोक्यावर टोपलं घेऊन अमरावतीला चालत जायच्या आणि दिवसभर भाजी विकायच्या. माल खपला की किसनलालच्या दुकानी गिला वडा, म्हणजे दह्यातला ओला वडा, खायच्या. किसनलाल हा परदेशी भय्या, बाजाराच्या तोंडाशी कढई मांडून बसायचा. गडीमाणसं समोर उभी राहून खात आणि भाजीवाल्या बाया मागच्या बाजूला पाण्याच्या रांजणाजवळ आपापली टोपली पालथी घालून त्यांवर बसत. घरंदाज बायांनी बाजारात खायचे दिवस नव्हते ते. पण आत्याबाई म्हणायच्या, "जे बाई बाजारात इकते, ते बाजारात खाईन. तोंड का फक्त भाव सांगाले देल्लं काय?"

मी घरी असे, म्हणून संध्याकाळी येऊन त्या मला सगळं सांगत. सांगणं म्हणजे नुसतं "छान होता" नव्हे. पाय धुऊन त्या चुलीजवळ बसत आणि डोळे मिटत. "आधी हाताले काय लागलं थे सांगाव, मंग नाकाले, मंग जिभेले. जीभ सगळ्याच्या मांगून येते." मग द्रोणाचा गारवा, दह्याचा थर, चिंचेचं पाणी, जिऱ्याचा वास असं एकेक येई. सगळ्यात शेवटी वड्याचं पोट. किसनलाल तळलेला वडा ताकात बुडवून लगेच काढायचा, त्यामुळे तो वरून थंडगार पण मधोमध गरम असायचा. "मधात ऊब पाह्यजे. मधात ऊब नाई, तर थो वडा कायचा?" मीठ कमी पडलं तर रांजणापासूनच ओरडत, "किसनलाल, मीठ झोपलं काय आज?" आणि तो हात जोडून चिमूटभर मीठ टाकायचा. आत्याबाई हे सांगत तेव्हा मी भाकर थापायची थांबे. तो वडा मी कधी पाहिला नव्हता, तरी तोंडाला पाणी सुटायचं.

नावं ठेवण्यात जशा त्या मोकळ्या तशाच कौतुकातही. एकदा अकोल्याला जठारपेठेत नात्यातलं लग्न होतं. परतताना मामाजींनी आम्हाला स्टेशनाजवळच्या खानावळीत जेवायला नेलं. बायांसाठी पडदा लावलेला होता. कढीची वाटी तोंडाला लावली आणि पडद्याआडून आत्याबाईंचा आवाज गेला, "ह्या कढीले फोडनी कोन देल्ली?" मालक पंच्याने हात पुसत धावत आला. "काही पडलं का आई त्यात?"

"काई नाई पडलं. ज्यानं फोडनी देल्ली त्या हाताले माया नमस्कार सांग."

मालक हसून म्हणाला, आमच्या घरातलीच करते. झालं, आत्याबाई सरळ आत स्वयंपाकघरात गेल्या. मामाजी बाहेर गाडीच्या वेळेसाठी तडफडत होते. त्या आल्या तेव्हा हाताला पीठ लागलेलं होतं आणि चेहरा आनंदाने फुललेला. "मेथीदाने तेलात काळे होऊ देते थे. आपन लवकर काढतो." गाडी आमची चुकलीच. मामाजी फलाटावर विडी ओढत बसले. बोलून उपयोग नव्हता.

मग त्यांच्या घशात गाठ आली. मोठ्या लढाईचे दिवस होते, साखर कंट्रोलमध्ये गेली होती. सुरुवातीला भाकर उतरेना, मग भात उतरेना. दवाखान्याच्या डॉक्टरांनी मामाजींना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी मुगाच्या वरणाचं पाणी, पेज, ताक असं करून द्यायची. घोटभर घेऊन त्या वाटी परत करायच्या. जिचा जेवणात एवढा जीव, तिच्यासमोर आम्ही कसं जेवायचं? आम्ही परसात जाऊन खाऊ लागलो. ते त्यांना कळलं तेव्हा रागावल्या. "इथं बसून खा. मले वास तरी येऊ द्या."

एका बाजाराच्या दिवशी त्या म्हणाल्या, "गिल्ल्या वड्याची लय आठोन येऊन राह्यली."

मामाजी लगेच उठले. "मी जातो, घेऊन येतो."

"तुमी नोका जाऊ. तुमाले इचारलं तर म्हनसान, 'बरा होता.' जलमभर तुमाले सगळं बराच होता. हिले पाठवा."

मी बाजारात एकटी कधी गेले नव्हते. पदर कपाळापर्यंत ओढून गेले. किसनलालच्या कढईपुढे माणसंच माणसं. मी कितीतरी वेळ मागे उभी राहिले, शेवटी पैसे पुढे करून एक बोट दाखवलं. द्रोण मिळाला, त्यावर दुसरा द्रोण पालथा घातला आणि जवळजवळ पळत घरी आले. वाटभर दही हातावरून ओघळत होतं. आत्याबाईंनी वरचा द्रोण काढला. आत सगळं गार, एकजीव झालेलं.

"हा वडा नाई वं. गळवावर बांधाचं पोटीस हाय," त्या म्हणाल्या. मी रडवेली झाले, तसं म्हणाल्या, "रडू नोको. गिल्ला वडा काय घरी आनाची चीज हाय? थो तिथंच बसून खा लागते. तू खाल्ला ना तिथं?"

मी नाही अशी मान हलवली.

"काहून नाई?"

"लोक होते."

"मंग आता मले काय सांगशीन?" त्यांनी दह्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "मले कुठं गियता येते. आता आयकूनच पोट भराचं हाय मायं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला पोटभर जेवू देण्यासाठी त्या भिंतीकडे वळत. ती पाठ मी ओळखत होते. ही तशी नव्हती.

पुढच्या बाजारी मी पुन्हा गेले. घरून निघताना बसायला टोपलं घ्यायचं सुचलंच नाही. रांजणाजवळ बाया बसलेल्या होत्या आणि मी खांबाला धरून उभी. आत्याबाईंच्या शेजारी संत्री विकायला बसणारी अमिनाबी मला पाहत होती. "ए, तू सुभद्रा की बहू ना? खडी कायकू है? खंबा गिर रहा क्या?" बाया हसल्या. तिने आपलं टोपलं माझ्याकडे सरकवलं. "बैठ. सास का समझ के बैठ." आणि स्वतः जमिनीवर बसली. मग किसनलालला ओरडून सांगितलं, "एक इधर! सुभद्रा के घर का!"

मी खाली मान घालून वडा खाल्ला. कोणी पाहत होतं का, ते मला माहीत नाही. मी चव लक्षात ठेवण्यात गुंतले होते.

घरी आले, पाय धुतले आणि त्यांच्या खाटेशी बसले. त्यांनी डोळे मिटले आणि वाट पाहू लागल्या. मामाजी दारात विडी न पेटवता उभे राहिले. आधी हात, मग नाक, मग जीभ, असं मी मनाशी घोकलं. मग म्हटलं, "द्रोण गार होता. खालून ओला. बोटांना पळसाच्या पानाच्या शिरा लागत होत्या."

"हं."

"नाकाला जिरं आलं. त्याच्या मागून हिरव्या मिरचीचा वास. दही घट्ट होतं, जिभेवर आधी आंबट, मग चिंचेचं गोड." मी बोलतच राहिले. एवढं मी त्या घरात एका वेळी कधी बोलले नव्हते.

"अन् मधात?"

"वरून गार. दात मधे गेला तेव्हा ऊब लागली. सकाळी चुलीतल्या राखेत हात घातला की लागते, तशी."

आत्याबाईंचं तोंड हलकेच हललं आणि गळा वरखाली झाला. जसा घास उतरावा तसा. मग त्यांनी विचारलं, "मीठ?"

"थोडं कमी होतं."

त्यांनी डोळे उघडले. "सांगतलं त्याले?"

"नाही."

"सांगाचं होतं ना वं. त्याले आता कोन सांगन?"

पुढच्या बाजारांनाही मी जात राहिले आणि येऊन सांगत राहिले. कधी वडा, कधी भजी, कधी नुसता कोणाच्या शिदोरीतला ठेचा. मिठाचं मात्र किसनलालला सांगायचं धाडस काही होईना. त्या दर वेळी विचारत आणि मी दर वेळी मान हलवत असे. थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी त्या गेल्या.

त्यांच्यामागे भाजी विकायचं काम माझ्याकडे आलं. वांगी निवडायला बसले तेव्हा हलकी, काळीशार मी बाजूला काढली. मामाजी ओट्यावर होते. त्यांनी विडी पेटवली.

माल खपल्यावर मी टोपलं पालथं घालून रांजणाजवळ बसले. किसनलालने न मागता द्रोण पाठवला. मी पहिला घास घेतला, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. मला वाटलं होतं त्याहून मोठा. "किसनलाल, मीठ झोपलं काय आज?"

समोरची माणसं वळून पाहू लागली. किसनलालने झारा कढईवर टेकवला. मग चिमूटभर मीठ घेऊन आला आणि अमिनाबीला म्हणाला, "लो, आ गई दूसरी!"

सगळ्या बाया हसल्या. मी नेहमीसारखी मान खाली घालणार होते, पण वडा निवत होता. आधी तो खाल्ला.