गोजरबाईचा पक्ष

मलकापूरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणाऱ्या बायांमध्ये गोजरबाईचा आवाज सगळ्यात मोठा. यंत्रांच्या घरघरीत वर्षानुवर्षं बोलायचं म्हणजे दुसरं काय होणार! त्या आवाजापायीच ती वऱ्हाड श्रमिक पक्षात आली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. बुलढाण्याच्या भालचंद्र वकिलांना ते पटलं नव्हतं. वऱ्हाडाचं राज्य वेगळं हवं आणि ते कष्टकऱ्यांचं हवं, म्हणून त्यांनी हा पक्ष काढला. जिनाच्या फाटकाबाहेर त्यांची सभा चालू असताना लाऊडस्पीकर बंद पडला. मागच्या बायांना ऐकू जाईना, तेव्हा गोजरबाई त्यांचं भाषण आपल्या बोलीत मागे पोचवू लागली. टाळ्या तिकडेच पडू लागल्या. वकिलांनी तिला वर बोलावलं.

ती म्हणाली, "मुंबईच्या साहेबाले आपल्या जिनातली धूळ दिसत नाही म्हन्तात. पन आपल्या शेटलेई दिसत नाही, अन् तो त इथंच राह्यते!"

पुढे ती उंद्रीपासून शेगावपर्यंत सभा करत फिरली. नवरा मोतीराम हमाल. सभेच्या दिवशी तोच भाकरी थापायचा, जाडजाड, करपलेल्या. नगरपालिकेत पक्षाची तिघं निवडून आली, त्यात गोजरबाई होती. जिनातल्या बायांनी संप केला आणि त्यांच्या तान्ह्या लेकरांसाठी धुळीपासून दूर टिनाची शेड मिळवली.

तेवढंच. विधानसभेला पक्ष साफ आपटला. आधी राज्य की आधी मजूर, यावरून कार्यकर्ते एकमेकांशी बोलेनासे झाले. एका दुपारी वकील गोजरबाईच्या घरी आले. सत्ताधारी पक्षानं त्यांना एका मंडळाचं अध्यक्षपद देऊ केलं होतं.

"सत्तेत गेल्याशिवाय वऱ्हाडाचं काही होत नाही, गोजरबाई. तुम्हीही चला."

"अन् वेगळं राज्य?"

"ते मनात राहीलच."

"मनात त माह्याई लय काही हाय, साहेब. मनातच ठेवाचं होतं त पक्ष काऊन काढला?"

वकील जायला उठले. तिला संताप यायला हवा होता, पण आला नाही. खुर्चीवर बसून, मान वर करून बोलायला याच माणसानं तिला शिकवलं होतं. ती त्यांना वळणापर्यंत पोचवून आली आणि मग मोरीत जाऊन रडली.

नगरपालिकेची पुढची निवडणूक ती एकटीच लढली आणि पडली. मोतीराम म्हणाला, "चाल, सुटली कटकट." वेगळं राज्य खरंच हवं होतं, की जिनाबाहेरचा कुठलाही रस्ता तिला तेव्हा खरा वाटला असता, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

हंगाम सुरू झाला तशी ती पुन्हा जिनात गेली. मुकादमानं हसत हाळी दिली, "या, मेंबरबाई!" ती तशीच पुढे गेली. ढिगाजवळ बसलेल्या विमलबाईनं सरकून जागा केली आणि सहज विचारलं, "मेंबरबाई, यंदा मजुरीचं कोन बोलीन वो शेटशी?"

गोजरबाईनं पदर डोक्याला घट्ट बांधला आणि कापूस पुढे ओढला. "जेवनाच्या सुटीत साऱ्याजनी बसू," ती म्हणाली. "मंग पाहू कोन बोलते ते."