हिरवं लिव्हर

पेशींचं एक बरं असतं, एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार, कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या हिस्टॉलॉजी लॅबमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. गेली अकरा वर्षं मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना मायक्रोस्कोपखाली माणूस दाखवते आहे. कातडी, लिव्हर, किडनी, सगळं कागदाहून पातळ कापून काचेवर लावलेलं. लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, रोज तेच बघून कंटाळा नाही का येत? कंटाळा? अहो, ऐका तर!

*

पहिलं प्रॅक्टिकल स्वतःच्या गालाचं. आइस्क्रीमच्या काडीने गाल आतून हलकेच खरवडायचा, काचेवर फासायचा, वर निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि बघायचं. चपट्या, पसरट पेशी दिसतात, प्रत्येकीच्या मधोमध एक गडद ठिपका. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी पोरं श्वास रोखून बसतात. स्वारगेटला बस बदलून येणाऱ्या एका मुलीने तर लॅबमधूनच घरी फोन लावला आणि सांगितलं, "आई, मी आत्ता मला बघितलं." माझ्या अंगावर दर वर्षी काटा येतो, खोटं कशाला सांगू.

एका वर्षी एक मुलगा ताडकन उठला. त्याची पेशी सगळ्यांपेक्षा वेगळी होती, चौकोनी, आणि भोवती चांगली जाड भिंत! आता भिंत असते झाडांच्या पेशींना, माणसाच्या नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण याला वाटलं, आपण काहीतरी निराळेच निघालो. अर्धा वर्ग त्याच्याभोवती जमला, फोटो निघाले. तेवढ्यात आमच्या विभागप्रमुख जोगळेकरबाई आल्या. त्यांनी डोळा लावला आणि त्याला विचारलं, सकाळी काय खाल्लंस?

"मिसळ, मॅडम."

"ही वरची कोथिंबीर आहे. चावून खात जा."

पुढची साडेचार वर्षं त्याला कॉलेजात कुणी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही.

*

मायक्रोस्कोपच्या भिंगात एक काळी सुई बसवलेली असते. "सुईच्या टोकाशी बघ" असं म्हणून आम्हाला नेमकी पेशी दाखवता येते. हे पोरांना पहिल्या दिवशी सांगायचं असतं. एका वर्षी मी विसरले.

आठवड्याने जर्नलं तपासायला आली. कातडीच्या चित्रात एक काळा टोकदार तंतू. स्नायूच्या चित्रात तोच तंतू. लिव्हरमध्येही तोच! एकाने काढला, बाकीच्यांनी श्रद्धेने उतरवला. एका हुशार मुलीने तर त्याला नाव देऊन पुढे कार्यही लिहिलं होतं, 'सपोर्ट'.

मी ते जर्नल घेऊन बाईंकडे गेले. माझी चूक होती, बोलणी खायची तयारी होती. बाईंनी चष्मा वर करून चित्र नीट पाहिलं.

"बरोबर आहे की. सपोर्ट करतो तो, शिकवणाऱ्यांना."

जर्नलवर सही करून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

*

स्लाइड रंगवण्याचं काम कोंढरेमामांचं. मामा कात्रजच्या पलीकडच्या गावचे. शेताच्या जागी आता मोठी सोसायटी झाली, त्यात दोन फ्लॅट मामांचे, पण घरी बसून करमत नाही म्हणून रोज लॅबमध्ये येतात. मामांनी रंगवलेली स्लाइड म्हणजे पेशींची केंद्रं जांभळी, बाकी सगळं गुलाबी, अगदी लग्नपत्रिकेसारखं देखणं.

परीक्षेत टेबलावर ओळीने मायक्रोस्कोप मांडतात आणि समोर दिसेल ती ऊती ओळखायची असते. मागे एका परीक्षेच्या आदल्या दिवशी मामांना किडनीच्या स्लाइडची वरची काच तडकलेली दिसली. त्यांनी ती बदलली. दुसऱ्या दिवशी निम्म्या बॅचची किडनी चुकली! कारण वर्षभर कुणी किडनी पाहिलीच नव्हती. तडा दिसला की किडनी, एवढाच अभ्यास. मामा हळहळले, म्हणाले, "पाव्हणे यायचे म्हणून बरं दिसावं तर पोरं रडाया लागली."

*

आता नितेशचं. हे सांगायलाच तर बसले आहे.

नितेश भंडाऱ्याकडचा. पहिल्या वर्षात नापास होऊन परत परीक्षेला बसणार होता, आणि नापास फक्त आमच्या विषयामुळे. या वेळीही गेला असता तर त्याची बॅच पुढे आणि तो इथेच. घरून फोन आला की बाहेर जाऊन बोलायचा आणि बराच वेळ आत यायचा नाही.

एकदा त्याचं जर्नल उघडलं तर लिव्हर पोपटी रंगाचं. मला वाटलं, टिंगल करतोय. चांगलंच झापलं त्याला. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मले लाल-हिरव्यात फरकच समजत नाही जी. पेन्सिलीवरचं नाव पुसून गेलं होतं."

इतकी ओशाळले मी! आणि हा वर्षभर आमचं जांभळं-गुलाबी ऐकत बसला होता. कुणाला सांगितलं तर डॉक्टर होऊ देणार नाहीत, अशी त्याची समजूत. मी त्याला पुष्कळ समजावलं की असं काही नसतं, पण बाईंना सांगू नका, एवढंच तो परत परत म्हणत राहिला. नाही सांगत म्हटलं.

मग रोज कॉलेज सुटल्यावर तासभर आम्ही दोघं मायक्रोस्कोपवर बसायला लागलो. रंगाचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. पेशींची रांग एक की अनेक? वर बारीक केस आहेत का? मध्ये नळ्या दिसतात का? मी त्याला म्हटलं, मंडईत लाइट गेले तरी भेंडी भेंडीच दिसते ना, तसं बघ. आठ दिवसांत त्याने मला स्वादुपिंडातली एक गोष्ट दाखवली, जी मी अकरा वर्षांत धड पाहिली नव्हती. रंग बघून उत्तर देण्याची सवय मलाही लागलेलीच होती की! त्या दिवशी घरी जाताना मी गाडीवर चक्क गाणं म्हणत होते.

*

परीक्षेला बाहेरून एक सर आले. उंच, मितभाषी. खिशातून त्यांनी स्वतःची एक स्लाइड काढली आणि तोंडी परीक्षेसाठी लावली. मी डोकावले. वेगळ्या पद्धतीने रंगवलेली. जिथे आमच्या पोरांना गुलाबी दिसायचं, तिथे सगळं हिरवंगार!

पहिला आला, म्हणाला हे सिलॅबसमध्ये नाही. दुसरीने सांगितलं, स्लाइड खराब झाली आहे. बॅचचा टॉपर पाच मिनिटं बघून पाणी प्यायला गेला. सरांच्या वहीत शून्यांची रांग लागली होती. मग नितेश बसला.

तो बराच वेळ बघत राहिला, एकदा स्लाइड सरकवली, परत बघितलं. मग सावकाश बोलायला लागला. पेशी अनेक थरांत दिसतात पण रांग एकच आहे, केंद्रं फक्त वरखाली बसली आहेत. वर बारीक केस आहेत. मधूनमधून फुगीर, चिकट स्राव करणाऱ्या पेशी. खाली कूर्चा. "श्वासनलिका आहे, सर."

सरांनी पूर्ण गुण लिहिले. वही मिटली आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, सकाळपासून हे कुणालाच जमलं नाही, सगळे रंगालाच अडकले. रंग इतका वेगळा असून तुझा गोंधळ कसा उडाला नाही?

नितेशने घाईघाईने परत भिंगाला डोळा लावला.

"काहून जी, वेगळा हाये का?"