शाडूची अकरा पावलं

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच माझी कीव यायला नको.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात मी नऊ दिवस अनवाणी राहायचं ठरवलं. मधुमेह अंगात पंधरा वर्षं मुरलेला. सोनिवलीतल्या आमच्या बिल्डिंगसमोर अजून बांधकाम चालूच आहे. तिसऱ्या माळेला त्या रस्त्याने देवीला जाऊन आले, तर घरात फरशीभर लाल ठिपके. माझी नात सई आर्ट कॉलेजात शिकते, तिच्या रंगांनी घरात बारा महिने रंगपंचमी. मी तिला जी काय झापली! "रंग सांडायचा आणि पुसायचा नाही, ही कुठली पद्धत?" ती ठिपक्यांचा माग काढत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आजी, पाय वर कर."

तळव्यात बांधकामाची तार घुसली होती. मला पत्ताच नाही.

दुखत नाही म्हणून मी खूश! हळद दाबली आणि उरलेले दिवसही अनवाणीच मिरवले. शेजारणींना सांगत होते, "देवीची कृपा, काही जाणवतसुद्धा नाही." चौसष्ट वर्षांची बाई, अक्कल बालवाडीतली. दिवाळीपर्यंत अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं. त्याला वास यायला लागला, तर चकल्या तळताना तो लपेल असंही या बाईला वाटलं.

लपला नाही. सुनेने रिक्षात घालून उल्हासनगरला सर्जनकडे नेलं.

त्यांनी नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टोचून बघायचं ठरवलं आणि मला डोळे मिटायला सांगितलं. मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी विचारलं, "कधी टोचणार?" शेजारून सुनेचा हुंदका ऐकू आला, तेव्हा कळलं की टोचून झालं होतं.

याला न्यूरोपथी म्हणतात. म्हणजे साखरेने नसा बधिर होतात. जखम होते, पण तिचा निरोप वर पोचत नाही. "अम्मा, दर्द नहीं है, वही तो बीमारी है," डॉक्टर म्हणाले. मग डॉप्लर झाला. त्यात पायातलं रक्त कसं वाहतंय ते सोनोग्राफीसारख्या यंत्रावर बघतात. रक्त पावलापर्यंत येत होतं, पण त्या बोटाचं गँगरीन झालं होतं, म्हणजे बोट मेलेलं होतं. "उंगली अभी दे दो, तो पैर बचाने की कोशिश करूंगा. देर की, तो घुटने के नीचे से."

मी एक दिवस मागून घेतला आणि तो रुसण्यात घालवला. देवीवर, सुनेवर, बांधकामवाल्यावर. दुसऱ्या दिवशी सही केली.

बोट गेलं. तळव्याची जखम डिब्राइड केली, म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढलं. मग एक दिवसाआड ड्रेसिंग, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. जखम भरली नाही तर पुन्हा कापायचं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

माझी अडचण वेगळीच होती. जखम तळव्याला आणि माझे गुडघे वाकत नाहीत. मला ती दिसायचीच नाही. सगळे म्हणायचे, "छान भरतंय हं." घरचे हे ज्या आवाजात सांगतात, तो आवाज मी स्वतः बऱ्याच आजाऱ्यांपुढे काढलाय. त्यामुळे विश्वास शून्य.

एका सोमवारी सई ड्रेसिंगच्या वेळी शाडूचा गोळा घेऊन समोर बसली. जखमेला हात न लावता, नुसतं बघून तिने पाऊल घडवलं. हुबेहूब. चार बोटं आणि तळव्यात माझा अंगठा मावेल एवढं भोक.

मी ते दोन्ही हातांनी चेंगरलं. "गणपतीच्या मातीत माझा सडका पाय करतेस? मेल्यावर कर काय करायचं ते!"

तिने गोळा पिशवीत भरला. "बरं. पुढच्या सोमवारी परत करते."

केलं. या वेळी मी चेंगरलं नाही. भोकात बोट घालून पाहिलं, अंगठा जरा अडला. चेंगरलेलं सोडून मोजलं, तर चौथ्या पावलात नुसती करंगळी जात होती. तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. पावलं खिडकीत ओळीने ठेवली. पाय टेकवायचा मोह झाला, भाताचं पातेलं खुणावू लागलं, की मी त्या ओळीकडे बघायची आणि स्वतःला दम भरायची. अकराव्या पावलात भोक नव्हतं, फक्त एक रेघ.

अंबरनाथला एका हॉलमध्ये सईच्या वर्गाचं प्रदर्शन भरलं. विषय होता काळ आणि मर्त्यता. तिने अकराही कच्ची पावलं मांडली आणि प्रत्येकावर पाण्याने भरलेली सलाइनची बाटली टांगली. थेंब थेंब.

"तीन दिवसांत सगळी विरघळणार," ती म्हणाली.

"अगं, बरं झालेलं तरी ठेव!"

"तेही जाणार, आजी. तूही जाणारच आहेस ना?"

"जाईन. पण दोन्ही पायांवर."

मऊ रबरी तळाची खास चप्पल घालून मी तिन्ही दिवस तिथे खुर्चीवर ठाण मांडलं. दोन बायकांनी पावलांना हात जोडले, फूल वाहिलं आणि विचारलं, "कुठल्या महाराजांची?" "माझीच," म्हटलं आणि आशीर्वाद देऊन टाकला.

मधुमेह असेल तर एवढं ऐका. रोज संध्याकाळी तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर घरच्यांना बघायला लावा. अनवाणी फिरायचं तर देवीचं नाव पुढे करू नका, तिने काही सांगितलेलं नसतं.

तिसऱ्या दुपारी पहिल्या पावलांचा चिखल झाला होता आणि अकराव्याची टाच खचत होती. मला वाटलं होतं, बघवणार नाही. पण मी शांतपणे बघत बसले. ते माझंच होतं, आणि माझा पाय इथे चपलेत होता.

चामटोलीहून आलेली चाळिशीची एक बाई, मी लोकांना सांगत होते ती पावलांची हकीकत ऐकत, बराच वेळ त्या पाण्यापाशी उभी होती. मग माझ्या शेजारी येऊन बसली. डाव्या पायातली चप्पल अर्धी काढली, परत घातली, आणि हॉलमध्ये कोणी ऐकत नाहीसं बघून म्हणाली,

"मावशी, माझ्या पण तळव्याला असंच भोक पडलंय, दोन महिने झाले. घरात कोणाला बोलले नाही. डॉक्टरकडे एकटीने जायची भीती वाटते. तुम्ही येता का माझ्यासोबत?"