बन्सीकाकांचा पोहरा

चिखलीच्या बाजारात बन्सीकाकांचं भांड्यांचं दुकान होतं. लग्नाचा आहेर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी भांडी दाखवतच नसत. गादीवरून न उठता विचारत, "घरात माणसं किती? चूल हाये का गॅस? पाणी कोठून भरते?" उत्तरं नीट आली तरच त्यांचा हात फळीकडे जाई. "भांडं त्याहीले वापरा लागते, तुमाले नाई," असं म्हणत. घाईतली माणसं वैतागून शेजारच्या दुकानात जात.

माझी त्यांची खरी ओळख मधूच्या लग्नामुळे झाली. मधू माझ्याच शाळेत शिक्षक होता. नोकरी सोडून तो दुसरबीडजवळ शेतात राहायला गेला. घरात वीज घेतली नाही, मोबाइल ठेवला नाही, दोन बैलांवर शेती सुरू केली. त्या सुमारास एका मुलीकडचे लोक चौकशीला माझ्याकडे आले. मी त्यांना चहा पाजला आणि म्हणालो, "माणूस चांगला आहे, पण डोक्याचं जरा बघून घ्या." गंमत केली, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. सोयरीक मोडली. कोणामुळे, ते मधूला कळलं नाही. पुढे चाळिशी उलटल्यावर त्याच्यासारखंच राहू पाहणारी बाई त्याला भेटली, आणि पत्रिका द्यायला तो स्वतः माझ्या घरी आला.

मला काहीतरी मोठं द्यायचं होतं. त्या आठवड्यात मी चार वेळा दुकानात गेलो. मिक्सर चालणार नव्हता, भिंतीवरचं घड्याळ तो लावणार नव्हता. एक वस्तू हातात घ्यायचो, ठेवायचो, घरी जाऊन पुन्हा परत यायचो.

"पाणी कोठून भरते?" काकांनी विचारलं.

मला सांगता येईना.

"दोस्त म्हणता सर, अन् त्याच्या घरी कधी गेलेच नाई?"

दुसरबीडहून येणाऱ्या एका शिक्षकाला विचारून मी उत्तर आणलं : विहिरीवरून, हातानं ओढून. काकांनी पितळी पोहरा उतरवला, वर नवा दोर दिला. मी म्हणालो, "माझं नाव घालून द्या."

"काऊन? रोज पाणी काढताना त्यानं तुमचं नाव वाचावं का?"

लग्नाच्या दिवशी जीपमध्ये बाकीच्या शिक्षकांच्या हातात चकचकीत खोकी होती. त्यांच्यात पोहरा घेऊन उभं राहायची मला लाज वाटली. वाटेत उतरून मी एक डिनर सेट घेतला आणि तोच दिला. पोहरा माझ्या माळ्यावर गेला.

त्यानंतर दुकानासमोरून जाताना काका हमखास हाक मारत. "सर, पोहरा चालून राह्यला ना?" मी म्हणायचो, "चालतोय, काका." तीन वर्षं हेच चाललं. शेवटी मी लांबच्या गल्लीतून जायला लागलो.

काका आजारी पडल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पोहऱ्याचं, आणि त्या मोडलेल्या सोयरिकीचंही.

ते उशीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "लग्न झाल्यावर पंधरा दिवसांतच तुमचा दोस्त माह्याच दुकानातून पोहरा घेऊन गेला. नाव-गाव इचारलं, मले तवाच समजलं."

"मग मला दर वेळी का विचारत होतात?"

"तुम्ही सांगान म्हणून. पर सर, मले सांगून काय फायदा? त्याले सांगा. अन् आता तो पोहरा घेऊन जाऊ नका. काही नेऊ नका."

महिन्याभरात काका गेले. त्यांच्या दहाव्याहून मी घरी गेलोच नाही, तसाच दुसरबीडच्या जीपमध्ये बसलो. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. कधी मांडीखाली घेतले, कधी खिशात घातले. मधू बैलांना पाणी पाजत होता.

"काय बे, आज इकडं कसा काय?"

"तुझी पहिली सोयरीक माझ्यामुळे मोडली," मी म्हणालो.

त्यानं बैलांचं पाणी होऊ दिलं. मग विहिरीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "बस. सुरुवातीपासून सांग."