‘घरीच असायची’

गॅसवर उतू गेलेलं दूध आणि ते पुसायला फडकं शोधणारा एक माणूस, हे चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेलं नाही. मी आता पोलीस खात्यात नाही. तेव्हा घोडबंदर रोडलगतच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते.

बाळकुमची एक बाई सकाळी रस्ता ओलांडताना टेम्पोच्या धडकेने गेली. टेम्पो पळाला. गाडी सापडली नसती, तर घरच्यांना विम्याची पूर्ण भरपाई मिळाली नसती. दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली.

“मॅडम, कोपरीत गॅरेजच्या मागे एक टेम्पो उभाय. फक्त पुढून ताडपत्री टाकलीये. टेम्पोला काय थंडी वाजते?”

चालकाला आणलं. गाडी खांबाला ठोकली, एवढंच तो सांगत राहिला. मी मुळात कमी बोलते. त्याला पाणी दिलं आणि समोर बसून राहिले. हवालदार पुटपुटले, “पाणी पाजूनच बोलता करणार वाटतं याला.” पण गप्प बसलेल्या माणसासमोर खोटं फार वेळ टिकत नाही.

“हॉर्न मारलेला मी,” तो एकदम म्हणाला आणि रडायला लागला.

खांबाला कोणी हॉर्न मारत नाही.

केस सुटली, असं सगळ्यांना वाटलं. राहिला होता त्या बाईच्या नवऱ्याचा पुरवणी जबाब. तो घ्यायला मी घरी गेले, तेव्हा ते दूध उतू गेलं होतं. नवरा एका कंपनीत सुपरवायझर. घरात दहावीतली मुलगी आणि लकव्याने खाटेला खिळलेली त्याची आई.

“तुमच्या मिसेस काय करायच्या?”

“काही नाही. घरीच असायची. आमच्याकडे बायकांना कामाला पाठवत नाहीत.”

त्या घराची शेती, मिठागर सगळं केव्हाच गेलं होतं. मान तेवढी ताठ राहिली होती. मी म्हटलं, “असं लिहून दिलंत, तर भरपाईच्या दाव्यात समोरचा वकील त्यांच्या कामाची किंमत शून्य धरायला सांगेल.”

“धरू दे. दावाच करायचा नाही मला. बायकोच्या मढ्यावर पैसे खाल्ले म्हणतील भाऊबंद.”

आतल्या खाटेवरून आईचा आवाज आला, “काय करत नव्हती? मंग मी परवापासून आंघोलीबिगर का परलेय रं?”

“आई, मॅडम आल्यात.”

“येऊ दे! मला कुशीवर कोण वळवायचं? पोरीचा अभ्यास कोण घ्यायचं? तू?”

तो खाली बसला. मग हळूहळू सांगू लागला आणि मी लिहू लागले. मध्येच त्याने मुलीला विचारलं, “आजीची संध्याकाळची गोळी कुठली गं?”

“पप्पा, ते मम्मीलाच माहीत होतं.”

तेही मी जबाबात लिहिलं. मान वर केली नाही.

त्याने दावा केला. मोटार अपघात न्यायाधिकरणात मला साक्षीला बोलावलं होतं. विमा कंपनीच्या वकिलाने त्याला विचारलं, “मयत काही कमवत नव्हत्या, बरोबर?”

“ती काम करत होती, साहेब,” तो म्हणाला. “पगार आम्ही कधी दिला नाही.”

निकालात तिच्या घरकामाचं मोल धरलं गेलं. आईसाठी दिवसभराची बाई ठेवता आली, मुलीचं कॉलेज सुरू झालं. एवढ्याने ते घर भरून निघालं, असं मी म्हणणार नाही.

तपासात योग्य माणूस सापडावा लागतो, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. योग्य प्रश्न सापडावा लागतो, हे त्या घरात कळलं. त्यानंतर नोकरीत होते तोवर, गेलेल्या बाईच्या घरी ‘त्या काय करायच्या?’ असं मी कधी विचारलं नाही. ‘आता त्यांच्यावाचून काय काय अडलंय?’ असं विचारायचे. मग जबाब एका पानात मावायचा नाही.